अकरा नंबरची हवा

खांद्यावर शिडी नसली की अमृतप्पा लोकांना पटकन ओळखू यायचे नाहीत. आळंदच्या बाजारात ते मोकळ्या खांद्यानं चाललेले दिसले तर समोरचा माणूस आधी थबकायचा आणि मग काळजीनं विचारायचा, "काय अण्णा, बरं न्हाई का?"

त्यात लोकांची चूक नव्हती. तीस वर्षं ह्या माणसानं आळंदच्या आणि भोवतालच्या खेड्यांच्या छपरांवर टीव्हीच्या ॲन्टेना बांधल्या. पूर्वेकडं तोंड केलं की गुलबर्गा, पश्चिमेकडं केलं की सोलापूर. ज्या घरात सासू कन्नड बोलणारी आणि सून उमरग्याकडची मराठी, तिथं ते ॲन्टेना बरोबर मधोमध ठेवायचे, म्हणजे दोघींनाही पडद्यावर सारख्याच मुंग्या दिसायच्या आणि घरात शांतता राहायची. पुढं छत्र्या आल्या, मग केबल आली, मग लोक टीव्ही खिशात घेऊन फिरू लागले. 'अमृत रेडिओज'चं दार तरीही रोज नऊला उघडायचं. आत अमृतप्पा बसायचे आणि बाहेर भिंतीला टेकून शिडी. दोघंही कुणी हाक मारील म्हणून वाट बघायचे.

हाक आली ती घरातूनच.

लेक सौम्या लातूरला दिलेली. जावई शिवप्रसाद गुणी. सौम्याची नोकरी पुण्याच्या कंपनीतली, पण काम घरी बसून, लॅपटॉपवर. तिला सातवा लागत आला तसं पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं बोलणं निघालं. सौम्या नवव्यापर्यंत काम सोडणार नव्हती. तेव्हा विहीणबाई सुधारानी फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "राहू द्या की इथंच. आमच्याकडं फायबर हाय."

पूर्वी लोक 'आमच्याकडं बारमाही विहीर हाय' ज्या तोऱ्यात सांगत, त्याच तोऱ्यात हे वाक्य आलं. अमृतप्पांनी फोन ठेवला आणि ते शिडीकडं बघत राहिले. अख्ख्या तालुक्याला सिग्नल दाखवलेल्या माणसाच्या लेकीचं पहिलं बाळंतपण सिग्नल नाही म्हणून सासरी व्हावं, ह्यापेक्षा छपरावरून पडलेलं बरं.

अडचण घराच्या बांधणीत होती. त्यांच्या घरात बाळंत व्हायची लेक असो की सून, तिची खाट अगदी आतल्या खोलीत पडायची. अमृतप्पांच्या आईची तिथंच पडली होती, त्यांच्या बायकोची, सावित्रम्मांचीही तिथंच. दीड हात रुंदीच्या दगडी भिंती, वर शहाबादी फरशी, खिडकी म्हणून एक झरोका, तोही बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून चिंध्यांनी बुजवलेला. केबलवाल्याचा राउटर पुढच्या खोलीत. त्याचा सिग्नल माजघरापर्यंत कसाबसा यायचा आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहायचा.

तार आत ओढावी, तर सावित्रम्मांचा नियम आडवा यायचा. भिंतीला भोक पाडायचं नाही, वारं येतं. दारातून तार घ्यायची नाही, दार घट्ट लागत नाही. अमृतप्पांनाही तार नकोच होती. ते म्हणायचे, तार काय कुणीही ओढतं. आपण जन्मभर हवेतून आणलं, आता शेवटाला तारेला शरण जायचं काय?

दुकानात लोकांनी टाकून दिलेल्या राउटरचा ढीग होता. त्यातला चार शिंगांचा एक त्यांनी निवडला. मग एका हिंदी व्हिडिओतून त्यांना कळलं, की राउटरच्या पोटात त्याची एक अक्कल असते, तिला फर्मवेअर म्हणतात. कंपनीनं दिलेली अक्कल बेताची असते. ती काढून दुसरी, जगभरच्या लोकांनी मिळून फुकट लिहिलेली अक्कल घालता येते, आणि मग राउटरकडून आपल्याला हवं ते करून घेता येतं. अमृतप्पांना हे इतकं पटलं की त्यांनी तो व्हिडिओ रोज दुपारी जेवणानंतर लावला. एकूण आठ वेळा पाहिला. आठही वेळा सातव्या मिनिटाला त्यांना डुलकी लागली. ह्या सातव्या मिनिटाचं पुढं काम पडणार आहे.

व्हिडिओतल्या माणसानं एक गोष्ट तीन-तीनदा बजावली होती. अक्कल बदलताना वीज गेली तर राउटर मेला. आळंदमध्ये वीज न जाणारा दिवस कोणता, ह्याचा अमृतप्पांनी विचार केला आणि त्यांना उत्तर सापडलं. येळवस, म्हणजे शेतात जेवायची मार्गशीर्ष अमावस्या.

येळवशीला आळंदमध्ये मागं राहतात ती फक्त कुत्री, आणि त्यातलीही हुशार असतात ती शेताकडं गेलेली असतात. आंबिलाची मडकी, भज्जी, उंडे घेऊन सगळं गाव ट्रॅक्टरांवर चढतं, घराघराला कुलपं लागतात. पंखे बंद, टीव्ही बंद, गिरण्या बंद. विजेवर भारच नाही तर ती जाईल कशाला? अमृतप्पांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. सावित्रम्मा भावाच्या ट्रॅक्टरवर चढताना म्हणाल्या, "पोट बिघडलंय तर भज्जी ठेवत न्हाई." अमृतप्पा म्हणाले, थोडी ठेव, वासानं बरं वाटंल. ती थोडी भज्जी पोट बिघडलेल्या माणसानं दोनदा वाढून घेतली आणि मग अमृतप्पा कामाला बसले.

पाचही बोटं राउटरवर ठेवून त्यांनी अक्कल बदलायचं बटण दाबलं. सगळे दिवे विझले. मग एक लागला, लुकलुकला, स्थिर झाला. वीज गेली नाही. अमृतप्पांनी मोबाइल उघडला, तर हवेत त्यांच्या राउटरचं नावच नव्हतं. पाच मिनिटं थांबले. दहा थांबले. नाव नाही. राउटर मेला असं समजून त्यांनी त्याच्या चारही शिंगांवरून हात फिरवला आणि गावाबाहेर गेलेल्या सगळ्या लोकांचा त्यांना हेवा वाटला. शेवटी करण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून त्यांनी व्हिडिओ नवव्यांदा लावला. भीतीनं ह्या वेळी डुलकी लागली नाही, आणि सातव्या मिनिटाला तो माणूस हसत हसत सांगू लागला, की घाबरू नका, नवी अक्कल घातल्यावर राउटर मुका असतो. त्याला आधी तारेनं जोडून 'बोल' असं सांगावं लागतं.

तारेनं जोडलं. राउटर बोलू लागला. आणि बोलू लागल्याबरोबर त्यानं पहिला प्रश्न विचारला. तू कोणत्या देशात आहेस?

व्हिडिओतल्या माणसानं इथं डोळा मिचकावून एक गोष्ट सांगितली होती. प्रत्येक देशानं राउटरनं किती जोरात बोलावं ह्याची हद्द घालून दिलेली असते, आणि काही देशांची हद्द लांब असते. देश खोटा सांगणं कायद्यात बसत नाही हेही तो म्हणाला होता, पण हळू आवाजात. अमृतप्पांना त्यात फार वावगं वाटलं नाही. त्यांचे वडील ह्याच घरात निजामाच्या हैदराबादेत जन्मले होते, ते स्वतः ह्याच घरात म्हैसूर राज्यात जन्मले, आणि बारा वर्षांचे असताना एका सकाळी उठले तर घर कर्नाटकात होतं. जागचं न हलता राज्य बदलता येतं, तर देशाला काय झालं? त्यांनी यादीतला असा एक देश निवडला, की ज्याचं नाव त्यांना धड वाचताही आलं नाही, आणि आवाज शेवटच्या खुंटीपर्यंत चढवला. पुढच्या खोलीतला केबलवाल्याचा राउटर काढून त्याची तार ह्याला लावली.

मग नव्या अकलेतली सगळ्यात भारी सोय त्यांनी वापरली. आपल्या भोवतालच्या हवेत आणखी कोण कोण बोलतंय, कोणत्या नंबरच्या वाटेवर, म्हणजे चॅनेलवर, बोलतंय, हे ती दाखवायची. त्या नावांची पाटी रिकामी होती. अख्ख्या आळंदच्या हवेत एकच नाव. त्यांचं.

इथं कुणाच्याही मनात आलं असतं, की गाव शेतात आहे, लोक मेन स्विच बंद करून गेलेत, म्हणून हवा रिकामी आहे. अमृतप्पांच्या मनात आलं, की आपला आवाज ऐकून बाकीचे लाजले.

मोबाइल घेऊन ते आतल्या खोलीत गेले, दार घट्ट लावलं, खाटेवर मांडी घातली आणि सौम्याला व्हिडिओ लावला. लेकीचा चेहरा असा आला की नाकातल्या चमकीचा खडासुद्धा मोजता यावा.

"अप्पा, तुमी कुठं हाव? लई स्वच्छ दिसायलाव."

"तुझ्या बाळंतपणाच्या खोलीत," अमृतप्पा म्हणाले. "दार लावून. सांग तुझ्या सासूला."

सौम्यानं सांगितलं. पंधरा दिवसांनी, सोमवारी, जावई तिला आणून सोडून गेले. मंगळवारी ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून कामाला बसली, आणि दहा मिनिटांत बाहेर आली. पडद्यावर सिग्नलच्या काड्या भरून दिसत होत्या, पण एक पान उघडत नव्हतं. मीटिंगमध्ये तिचा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजला होता आणि पुण्याच्या सहाजणांनी तो तसाच बघितला होता. शुक्रवारी मोठी मीटिंग होती, तीत तिला तासभर बोलायचं होतं. संध्याकाळी लातूरहून फोन आला. सुधारानीबाईंनी कुणाला काही नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाल्या, की रविवारच्या बसचं तिकीट शिवानं काढून ठेवलंय, जिवाला उगाच त्रास नको.

बुधवारी सकाळी अमृतप्पांनी राउटरचं एकेक शिंग वेगवेगळ्या दिशेला फिरवून पाहिलं. पूर्वेला, पश्चिमेला, सवयीनं मधोमधही. राउटर माळ्यावर ठेवला, मग तुरीच्या पोत्यावर. काड्या भरलेल्याच आणि काम शून्य. सावित्रम्मा पोळ्या लाटता लाटता हे सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, एवढा सिग्नल दिसायलाय तर चालंना कामून? अमृतप्पांनी समजावलं, की राउटरचा आवाज आतपर्यंत जातो, म्हणून काड्या दिसतात. पण लॅपटॉपचा आवाज बारीक. तो जे उलट बोलतो ते राउटरला ऐकू येत नसावं.

सावित्रम्मांनी पोळी तव्यावर टाकली. "म्हंजी राउटर तुमच्यावरच गेलाय. आपण मोठ्यानं बोलायचं, आन् समोरचं माणूस काय म्हणायलंय ते ऐकायचं न्हाई."

 लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य अमृतप्पांनी पूर्वीही ऐकलं होतं, पण ह्या वेळी पहिल्यांदाच त्यांना ते कामाचं वाटलं. ते उठले आणि हवेची पाटी पुन्हा उघडली.

पाटी भरून वाहत होती. एकोणीस नावं. 'बसवकृपा', 'मागू नये', 'तूर भवन', 'शेजाऱ्याला दिला जाणार नाही', आणि अशी बरीच. केबलवाल्यानं सगळ्या गल्लीत एकाच आठवड्यात राउटर बसवले होते आणि एकोणीसच्या एकोणीस सहा नंबरच्या वाटेवर ठेवले होते. अमृतप्पांचाही सहावरच होता. वीस जण एकाच ओट्यावर बसून एकदम ओरडत होते, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा परदेशातून ओरडत होता.

येळवशीचं सगळं गणित तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. भज्जीसकट.

नव्या अकलेनं हेही सांगितलं, की हवेत वाटा तेरा असल्या तरी एकमेकींच्या पायात न येणाऱ्या तीनच. एक, सहा आणि अकरा. आता सौम्याला ऐकू यायचं असेल तर गल्ली तीन वाटांत विभागायला हवी होती. अमृतप्पांनी शिडी खांद्यावर घेतली आणि गुरुपादय्यांच्या ओट्यावर गेले. गुरुपादय्या मठाचे, गल्लीतले सगळ्यात वडीलधारे. शिडी दिसली म्हणून माणसं आपोआप जमली.

सुरुवात वाईट झाली. तीन नंबर ऐकल्याबरोबर सगळ्यांना एक नंबर हवा झाला. गुरुपादय्या म्हणाले, मठाला एक नसेल तर कुणाला असणार? ओट्यासमोरच्या गीताबाईंना सहा सोडायचाच नव्हता. सहा नंबर लागल्यापासून त्यांच्या म्हशीला दुसऱ्यांदा रेडी झाली होती. अकराला तर कुणी हात लावेना, शेवटचा म्हणून. तेव्हा अमृतप्पांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की आहेरात पाकिटात आपण दहा घालत नाही, अकरा घालतो, मग हवेतच अकरा कामून नको? त्याबरोबर सगळेच अकरावर आले. मठसुद्धा. आता एकावर कुणी जाईना.

शेवटी गुरुपादय्यांनीच तोडगा काढला. त्यांनी विचारलं, नळाचं पाणी आपल्याला कसं येतं? वरच्या आळीला एक दिवस, मधल्या आळीला दुसऱ्या दिवशी, खालच्या आळीला तिसऱ्या. तसंच हवेचं करा. वरची आळी एक, मधली सहा, खालची अकरा. पाण्याच्या पाळीवरून ह्या गल्लीत पूर्वी डोकी फुटली होती, पण एकदा ठरलेली पाळी कुणी मोडली नव्हती. हवेची पाळी लोकांना लगेच समजली. गीताबाई मधल्या आळीतल्या. त्यांचा सहा राहिला, म्हैस राहिली.

गुरुवारी अमृतप्पा घरोघर फिरले. राउटर बहुतेक ठिकाणी टीव्हीच्या टेबलावर, कमरेच्या उंचीला होते, तरी ते प्रत्येक घरात शिडी घेऊनच शिरले. मोकळ्या हातानं कुणाच्या घरात कसं जायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. गुरुपादय्यांकडं राउटर देवापाशी होता, दोन शिंगांना भस्माचे पट्टे आणि वर जास्वंद. गीताबाईंनी आपल्या राउटरला क्रोशाचं, झालर लावलेलं झाकण घातलं होतं, धूळ बसू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत एकोणीस घरं झाली, अकरा कप चहा झाला, आणि प्रत्येक घरात 'पूर्वी तुमी आमची ॲन्टेना बांधली होती' ही गोष्ट ऐकून झाली. अमृतप्पांचं घर खालच्या आळीत, म्हणून त्यांच्या वाट्याला अकरा आला. त्यांनी राउटरचा आवाज निम्म्यावर उतरवला. मग देशाची यादी उघडली, थोडं खाली गेले, आणि पावणेदोन महिने झाले असल्यासारखं वाटणाऱ्या अठरा दिवसांनंतर भारतात परत आले.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सौम्या आतल्या खोलीत गेली आणि दार घट्ट लागलं.

गल्लीला बातमी होतीच. पण हवेत गर्दी करायची नाही, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं होतं. त्यामुळं अकराला गल्ली चिडीचूप झाली. गीताबाईंनी मिरची कांडायची थांबवली. भाजीवाल्याला कुणी तरी तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. गुरुपादय्यांनी घंटा न वाजवता आरती केली. आपल्या बोलण्यानं वायफायला काही होत नाही हे अमृतप्पांना माहीत होतं, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आळंदमध्ये इतकी माणसं आपल्या लेकीसाठी गप्प बसलेली त्यांनी कधी बघितली नव्हती, आणि ते मोडायला त्यांचं मन झालं नाही. ते आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर शिडीला टेकून उभे होते. सावित्रम्मा हातात वरणाची पळी घेऊन त्यांच्या शेजारी. दारातून सौम्याचा आवाज येत होता, इंग्रजीत, न थांबता. मधेच ती हसली. म्हणजे तिकडचं काही तरी तिला ऐकू आलं होतं. अमृतप्पांनी सावित्रम्मांकडं बघितलं. सावित्रम्मा म्हणाल्या, "ऐकायला लागला."

राउटर म्हणायचं होतं की नवरा, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि अमृतप्पांनीही विचारलं नाही.

तासाभरानं दार उघडलं. सौम्या खाटेवरच बसून होती, लॅपटॉप मिटलेला, हातात मोबाइल.

"झालं?" अमृतप्पांनी विचारलं.

"झालं. पुण्याचे साहेब म्हणायले, आज आवाज लई चांगला हाय, नवीन ऑफिसात बसलीस का? मी म्हटलं, व्हय." मग ती मोबाइलवर काही तरी करू लागली. अमृतप्पांनी मान वाकवून बघितलं. रविवारची बस, आळंद ते लातूर, एक आसन. तिनं बोट टेकवलं. चक्र एकदाच फिरलं आणि तिकीट रद्द झाल्याचा निरोप आला, बंद झरोक्याच्या, दीड हाताच्या दगडी खोलीत, एका दमात.

लातूरला फोन सावित्रम्मांनी लावला. तो मुद्दाम व्हिडिओ लावला, आणि आतल्या खोलीतूनच. सुधारानीबाईंना खोली दाखवली, खाट दाखवली, झरोक्यातल्या चिंध्याही दाखवल्या. फायबरचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.

बाहेर गीताबाईंची मिरची परत सुरू झाली होती. अमृतप्पा शिडी उचलून दुकानाकडं निघाले, तशी सावित्रम्मांनी फोन खाली ठेवून त्यांना हाक मारली.

"ती कुठं न्यायलाव? आणा हिकडं. पाळण्याचं कडं वर गंजलंय का बघायचंय."

अमृतप्पा वळले आणि शिडी आत घेऊन आले. खोली लहान, शिडी लांब. तिचं एक टोक काही केल्या आत मावेना, म्हणून त्या दिवशी बराच वेळ बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडंच राहिलं. सावित्रम्मा वाऱ्याबद्दल काही बोलल्या नाहीत.